मेंबर मैमूनबी

मैमूनबी बैठकीला नेहमी वेळेवर येई, आणि बैठक कधीच वेळेवर सुरू होत नसे. त्यामुळं माझ्या आठवणीत ती बहुतेक वेळा वाट बघतच बसलेली आहे. दवाखान्याच्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून, बांगड्यांचं गाठोडं मांडीशी घेऊन. डोळे मिटलेले असत. झोपली असेल असं वाटून कुणी पाय न वाजवता बाजूनं गेलं, तर डोळे न उघडताच विचारी, "आले का आबासाहेब?"

आबासाहेब आलेले नसत.

मी त्या दवाखान्यात नर्स होते. गाव भूम तालुक्यातलं, ईटच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही. त्यातल्या माणसांची मुलं-नातवंडं अजून तिथं नांदत आहेत. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. साहेबलोक बदलले होते, कागदांची भाषा बदलली होती, पण गाव अजून अर्जाला दरखास्तच म्हणत होतं. दवाखान्याला स्वतःची इमारत नव्हती. निजामाच्या काळात सरहद्द ओलांडून येणाऱ्या मालावर जकात घ्यायचा करोडगिरीचा नाका गावात होता. तो रिकामा पडला, त्यातच दवाखाना मांडलेला. जाडजूड दगडी भिंती, खिडक्या म्हणजे नुसते झरोके, आणि दार एकच. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस नजरेखालून जावा म्हणूनच ती इमारत तशी बांधलेली होती.

ते दार पाराकडं तोंड करून होतं. पारावर पिंपळ, शेजारी चहाचं हॉटेल, समोर एस्टीचा थांबा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गावातले पुरुष तिथं बसून असत. दवाखान्यात कोण गेलं, किती वेळ आत होतं, बाहेर येताना तोंड कसं होतं, हे सगळं पारावरून दिसे आणि पारावर बोललं जाई.

दवाखान्याला गावकऱ्यांची समिती असावी, असा वरून हुकूम आला. दवाखान्याचं कसं चाललंय ते गावानं बघावं, गावाच्या अडचणी साहेबांपर्यंत पोचवाव्यात, असा त्याचा हेतू. समितीत एक बाई हवीच, असंही त्यात होतं. मोठ्या घरांतून कुणी बाई द्यायला तयार होईना. "आमच्या बायका चारचौघांत बसत नसतात," हे सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, मैमूनबीला घ्या की. बांगड्या भरत दारोदार हिंडते, तिला कसली आलीय लाज. चेष्टेत निघालेलं नाव कागदावर चढलं आणि त्या दिवसापासून पारावरची माणसं तिला 'मेंबर' म्हणू लागली. "ओ मेंबर, आज कुनाचा हात धरला?" असं कुणी विचारलं की ती सरळ उत्तर देई, अमक्याच्या लेकीचा. तिनं ती गोष्ट चेष्टेत घेतलीच नव्हती.

उंच, हाडकुळी, रंगानं सावळी बाई. चालताना एक पाय किंचित ओढायची. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत तिचा नवरा गेला. कुठं आणि कसा, हे ती सांगत नसे, आणि गावही सांगत नसे. 'गडबडीच्या साली' एवढंच म्हणे आणि विषय तिथंच टाकून उठे. मूलबाळ नव्हतं. मशिदीजवळच्या आपल्या माणसांत ती दखनी बोले, बाकी गावाशी गावासारखं. मी तिला ताजीतवानी अशी कधी पाहिलीच नाही. सकाळी भेटली तरी दिवसभर चालून आल्यासारखी दिसायची. "कशा आहात चाची?" म्हटलं, की म्हणे, "हाय की. बसले तर उठवंना, उठले तर बसवंना."

पहिल्या बैठकीत ती उंबऱ्याशी खाली बसली. खुर्च्या होत्या, पण तिला कुणी बस म्हटलं नाही. आबासाहेब अध्यक्ष. गावातलं जुनं, मोठं घर. माणूस दुष्ट नव्हता, पण आपण बोललो की बोलणं संपलं अशी त्यांना लहानपणापासूनची सवय. डॉक्टर सभेचे कागद लिहीत. रोज भूमहून बसनं यायचे, दुपारच्या बसनं परत. ठराव झाले, सगळ्यांच्या सह्या झाल्या, कागद मैमूनबीपुढं आला. तिनं हात मागं घेतला.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"नेहमीचंच," आबासाहेब म्हणाले. "तू अंगठा कर."

"वाचा की वाईच. अंगठा माझा हाय न्हवं. कशावर उमटतोय ते मला ठावं नको?"

सगळे हसले. डॉक्टरांनी घड्याळात बघितलं आणि भराभरा वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यात बायांचं काहीच न्हाय." आणि अंगठा उमटवला. पुढच्या प्रत्येक बैठकीत डॉक्टरांना कागद वाचून दाखवावा लागला. त्यांना त्याचा कंटाळा येई. पण हळूहळू मला असं दिसलं, की वाचून दाखवायचं आहे म्हटल्यावर ते जरा नीट लिहू लागले होते.

तिचं खरं काम बैठकीत नसे. ते ओट्यावर चाले. सकाळी फेरीला निघण्याआधी ती तासभर दवाखान्यापाशी बसे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला अडवी.

"काय सांगितलं डाक्तरनं?"

"गोळ्या दिल्यात."

"कवा खायच्या?"

बाई हातातल्या पुडीकडं बघत राही. मग मैमूनबी तिचं मनगट धरून पुन्हा आत आणी. "डाक्तरसाब, हिला परत एकदा सांगा. हिला न्हाय कळलं. मलाबी न्हाय कळलं." डॉक्टर चिडत. एकदा ते म्हणाले, "बाई, तुम्ही दवाखान्याच्या मेंबर आहात की पेशंटच्या वकील?" ती शांतपणे म्हणाली, "मी दवाखान्याची न्हाय साब. मी रांगेतली हाय." डॉक्टरांनी पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी सावकाश.

बांगड्या भरताना बायका बोलतात. हात दुसऱ्याच्या हातात असतो, नजर खाली असते, आणि बांगडी हाडावरून उतरताना दुखतं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं तरी चालून जातं. मैमूनबीला घराघरातलं असं पुष्कळ कळे. त्यातलं एकही नाव तिच्या तोंडून बाहेर आलं नाही. बैठकीत ती फक्त एवढंच म्हणायची, "बाया बाळंतपणाला दवाखान्यात यायला तयार हायती. पर पोट घिऊन पारासमोरनं कशा यायच्या? कळा सुरू झालेली बाई समद्या गावाच्या देखत वरडत यायची का? मागल्या बाजूला एक दार पाडा."

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आबासाहेब म्हणाले, विचार करू. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा, भिंत सरकारी आहे, परवानगी लागते. नंतर नंतर ती बोलायला लागली की मंडळी उठायच्या तयारीला लागत. ती तेवढंच वाक्य बोलून गप्प बसे. आवाज चढवत नसे. मला वाटे, हिनं एकदा तरी चिडावं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "चिडायला जोर लागतो बाई. तेवढा ठिवला तर घरला चालत जाता येतं."

कौसाबाईच्या सुनेची गोष्ट इथं येते.

कौसाबाई म्हणजे गावातली एक मध्यम शेतकरीण, कडक, पण सुनेवर जीव असलेली. सून चंद्रकला पहिलटकरीण होती, अंगानं बारीक. सातव्या महिन्यात मैमूनबीनं तिला चुडा भरला तेव्हा पाय सुजलेले बघितले आणि तिला माझ्याकडं घेऊन आली. मी तपासलं, डॉक्टरांनीही बघितलं. हिचं बाळंतपण घरी करू नका, असं आम्ही सांगितलं. कौसाबाई तयार नव्हती. गावातली सुईण होती, तिच्या हातून सगळ्यांची झाली होती. मैमूनबी त्या घरी पुन्हा पुन्हा गेली. बांगड्या विकायच्या नसताना गेली. शेवटी कौसाबाई म्हणाली, "बरं. तू म्हनतीस तर आनते."

त्या दिवशी भर दुपारी कळा सुरू झाल्या. कौसाबाईनं गाडी जुंपायला लावली, वर चादरीचा आडोसा केला आणि सुनेला घेऊन निघाली. पारावर त्या दिवशी गर्दी होती. कुठल्याशा भांडणाचा निवाडा चालला होता, सगळं गाव जमलेलं. गाडी दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली. आत चंद्रकला ओरडत होती. पारावरची माणसं वळून बघायला लागली. कौसाबाई खाली उतरली, पदर ओढून घेतला, दाराकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. जरा पांगतील म्हणून गाडी निंबाखाली घेतली. बराच वेळ गेला. माणसं पांगली नाहीत. तिनं गाडी माघारी वळवली.

मी त्या वेळी आत होते. त्या भिंतींतून बाहेरचा आवाज आत येत नसे.

चंद्रकला संध्याकाळच्या आत गेली. मूल पोटातच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाईनं मैमूनबीला बोलावणं धाडलं. सवाष्ण गेलेली, हिरवा चुडा भरून न्यायची होती. मीही तिथं गेले होते, त्यामुळं पुढचं मी पाहिलं. मैमूनबी अंगणात आली. बायकांनी वाट दिली. ती चंद्रकलाच्या उशाशी बसली, गाठोडं सोडलं, मापाच्या बांगड्या काढल्या. हात ताठ झाले होते. तिनं ते मांडीवर घेतले आणि किती तरी वेळ नुसते चोळत राहिली, जिवंत बाईचा हात सैल करावा तसे. मग एक एक बांगडी चढवली. एकही पिचू दिली नाही. दोन्ही हात भरून झाले, तेव्हा कौसाबाई बोलली.

"झालं तुझं समाधान? तू म्हनलीस दवाखान्यात न्या. घरला सुईन व्हती. तुझ्या तोंडाला लागून म्या तिला हाडं खिळखिळी करीत रस्त्यानं फिरवलं."

मैमूनबीनं मान वर केली नाही. गाठोडं बांधलं, कौसाबाईच्या पायाशी हात टेकला आणि निघून गेली.

त्यानंतर तिला बांगड्या भरायला बोलावणं बंद झालं. कुणी ठरवून केलं असं नाही. पण जिच्या हातचा चुडा भरून चंद्रकला गेली, तिच्या हातात हात द्यायला बायकांना नको वाटू लागलं. नागपंचमी आली. या दिवसांत एरवी तिला पाणी प्यायला उसंत नसायची. त्या वर्षी ती पंचमीच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर बसून होती. मी चहा आणून दिला.

"चाची, आज फेरी नाही?"

"गेलते की. समद्या गल्ल्या फिरून आले." तिनं चहाचा घोट घेतला. "बांगडी भरायची तर समोरून हात यावा लागतो बाई. हातच कुनी फुडं करंना."

ती दुसऱ्या गावांच्या बाजारात बसू लागली. ईटला जाई, कधी भूमला. पण बैठकीला येणं तिनं सोडलं नाही. मला खात्री होती की आता ती नाव काढून घ्यायला सांगेल. तिनं फक्त जागा बदलली. उंबऱ्याशी बसायची ती आत, भिंतीला टेकून बसू लागली. म्हणाली, कंबर धरते.

भूमला गेली की ती ब्लॉक ऑफिसातही जाऊ लागली. गाठोडं शिपायाजवळ ठेवायचं आणि साहेबांची वाट बघत बाकावर बसायचं. शिपाई हाकलायचा, ती बाहेरच्या झाडाखाली जायची, पुन्हा यायची. कधी साहेब दौऱ्यावर, कधी साहेब बदलून गेलेले, नवे अजून यायचे. एकदा मी पगाराच्या कामानं भूमला गेले होते, तेव्हा आम्ही दोघी बरोबरच साहेबांपुढं उभ्या राहिलो. साहेब तरुण होते, नव्यानं आलेले. त्यांनी विचारलं, "दवाखान्याला इमारत-निधी हवाय का?"

"न्हाय साब," मैमूनबी म्हणाली. "निदी न्हाय मागत. भिंतीला भोक पाडायची परवानगी मागते. भोक पाडायला आमचे गवंडी हायती."

साहेबांना हसू आलं. पण ते म्हणाले, तुमच्या समितीचा ठराव आणा, मी बघतो. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. उतरताना म्हणाली, "ठराव. म्हंजे परत आबासाहेब."

बैठकीत तिनं ठराव मागितला. आबासाहेबांनी या वेळी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मैमूनबी, समोरच्या दाराची अडचण आहे असं आजवर एक तरी बाई मला म्हणाली का? तू एकटीच म्हणतेस. एक बाई आण, जी इथं येऊन सांगेल."

पारासमोरून जायची लाज वाटते, हे पुरुषांच्या बैठकीत येऊन सांगायला कुठली बाई तयार होणार होती? आबासाहेबांनाही ते ठाऊक होतं. मैमूनबी "बरं" म्हणाली.

ती कौसाबाईकडं गेली. हे तिनं मला आधी सांगितलं असतं तर मी तिला अडवलं असतं. कौसाबाई दारातच उभी राहिली, तिला आत घेतलं नाही. मैमूनबीनं ओसरीखाली उभं राहूनच सांगितलं: "कौसाक्का, मला काय बोलायचं ते बोला. पर पुढल्या बैठकीला येऊन तुमची गाडी का वळली तेवढं सांगा." कौसाबाईनं तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं. सगळी गल्ली ऐकत होती. मग दार लावून घेतलं. मैमूनबी ओट्यावर येऊन बसली, मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "न्हाय येनार. कशी येईल? मीबी न्हाय गेले असते."

बैठकीचा दिवस आला. खुर्च्या मांडल्या, चहा झाला, आबासाहेबांनी विचारलं, "मग? आणली का बाई?" मैमूनबीनं नकाराची मान हलवली. ते पुढच्या विषयाला हात घालणार, एवढ्यात दारात अंधारल्यासारखं झालं. कौसाबाई उभी होती. पदर तोंडावर ओढलेला, एक हात चौकटीवर. आत आली नाही.

"म्या गाडी वळवली," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "दवाखाना हितं व्हता, पोरगी हितं व्हती. पारावर तुमी समदे बसला व्हता. आबासाहेब, तुमीबी व्हता. तुमी वळून बघितलं. म्हनून म्या गाडी वळवली."

आबासाहेबांनी घसा साफ केला. मग त्यांनी जे खरं कारण होतं ते काढलं. दवाखान्याच्या मागं बौद्ध वस्ती होती. धर्मांतराला फार दिवस झाले नव्हते आणि गाव त्या वस्तीला अजून जुन्याच नावानं ओळखत होतं. मागं दार पाडलं तर ते तिकडच्या वाटेवर उघडणार होतं.

"कौसा, तुझं दुःख मला कळतं," ते म्हणाले. "पण मागची वाट कुणाची आहे, माहीत आहे ना? तुमच्यासारख्या घरांतल्या बायका त्या वाटंनं जाणार का?"

कौसाबाईनं पदर बाजूला केला. तिचं तोंड त्या बैठकीत सगळ्यांना पहिल्यांदाच दिसलं.

"माझी सून कंच्याबी वाटंनं जिती पोचली असती," ती म्हणाली, "तर त्या वाटंवरच्या समद्यांचं पाय धुतलं असतं म्या."

एवढं बोलून ती गेली. मैमूनबीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ठराव झाला. आबासाहेबांनी सही केली ती कागदाकडं न बघता. मैमूनबीपुढं कागद आला तेव्हा तिनं तो वाचायला सांगितला, आणि डॉक्टरांनी एक एक शब्द सुटा करून वाचला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. तशी ती संपली नाही. ठराव भूमला गेला, तिथून उस्मानाबादला गेला, तिथून शंका विचारत परत आला. ते तरुण साहेब बदलून गेले. बांधकाम खात्याचा माणूस मोजमाप घेऊन गेला, त्याचं काय झालं ते कळलं नाही, दुसरा माणूस पुन्हा मोजमाप घेऊन गेला. महाराष्ट्र राज्य झालं, शाळेत साखर वाटली. मैमूनबी दर बैठकीला विचारी, "दाराचं काय?" आणि आता कुणी हसत नसे, उलट मान खाली घालत. मला वाटतं, ते तिला हसण्यापेक्षा जड जात असावं.

एका उन्हाळ्यात अचानक माणसं आली आणि भिंत फोडायला लागली. नाक्याची ती भिंत, पहारी वाकल्या. वरचा एक मोठा दगड काही केल्या निघेना, तेव्हा त्याच्या खालीच चौकट बसवली. त्यामुळं दार ठेंगणं झालं, वाकूनच आत यावं लागे. उद्घाटनाला मोठे साहेब आले, नारळ फुटला, आबासाहेबांचं भाषण झालं. त्यात महिलांच्या सोयीबद्दल बरंच काही होतं. मैमूनबी तिथं नव्हती. त्या दिवशी ईटचा बाजार होता. संध्याकाळी ती बसमधून उतरली, तेव्हा मी धावत जाऊन सांगितलं, "चाची, दार झालं! उघडलंसुद्धा!"

ती थांबली. गाठोडं खाली ठेवलं.

"झालं न्हवं," म्हणाली. "बरं झालं. चहा हाय का वो बाई? सकाळधरनं काही न्हाय पोटात."

मला जरा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. मला तिच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं. ती चहात भाकरी कुस्करून खात बसली, आणि खाऊन झाल्यावर तिथंच, भिंतीला टेकून, तिचा खरोखर डोळा लागला.

दार झालं म्हणून बायका लगेच आल्या असंही नाही. पावसाळाभर ते बंदच होतं. कुणीतरी कडीला शेळी बांधायचं. पहिली आली ती मागच्या वस्तीतली सुभद्रा, तिसऱ्या खेपेची, नवरा कामाला गेलेला. जावेचा हात धरून चालत आली, वाकून आत शिरली आणि तासाभरात मोकळी झाली. मुलगी. मग त्या वस्तीतल्या आणखी दोघी. गावातल्या घरांना यायला पुढचा हिवाळा उजाडावा लागला. पहिली गाडी मागच्या वाटेनं आली, तेव्हा गाडीवान इकडंतिकडं बघत होता, जणू चोरीचा माल आणतोय. नंतर सवय झाली. माणसांना सगळ्याचीच होते.

कौसाबाईच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. चुडा भरायला तिनं परगावच्या मनियाराला न बोलावता मैमूनबीला बोलावलं. मी विचारलं, काही बोलल्या का? मैमूनबी म्हणाली, "न्हाय. नवरीच्या आधी सोताचा हात फुडं केला." त्यानंतर गल्ल्या पुन्हा उघडल्या. सगळ्या नाहीत, बऱ्याचशा.

जिल्हा परिषद आली तेव्हा सगळ्याच समित्या नव्यानं झाल्या. बाईची जागा आबासाहेबांच्या सुनेला मिळाली. ती कधी बैठकीला आली नाही, कागद घरी जाऊन सही होऊन यायचा. मैमूनबीला कुणी कळवलं नव्हतं. नेहमीसारखी ती वेळेवर आली, ओट्यावर बसली, आबासाहेब आल्यावर उठून आत निघाली. दवाखान्याच्या शिपायानं दारात हात आडवा केला.

"चाची, तुमचं नाव न्हाय आता."

"व्हय का?" ती म्हणाली. "बरं."

ती माघारी फिरली. मी हातातलं काम टाकून तिच्यामागं गेले. एस्टीच्या थांब्यापाशी गाठली. तीच म्हणाली, "बरंच झालं बाई. गुडघे लई दुखत व्हते. खाली बसलं की उठायला भित धरावी लागती." थोडं पुढं चालली, मग थांबली. "पर कुनीतरी सांगायचं तर व्हतं. आदी सांगितलं असतं तर आज भूमच्या बाजारला गेले असते."

वर्षभरानं माझी बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात. मैमूनबी त्यानंतर मला एकदाच दिसली, काही वर्षांनी कामानं भूमला गेले होते तेव्हा. आठवड्याचा बाजार होता. ऊन चढलं होतं, एस्टी स्टँडपासून सरकारी दवाखान्याच्या रस्त्यापर्यंत माणसांची दाटी. मनियारांच्या ओळीत ती शेवटी बसली होती. केस सगळे पांढरे. आता गावोगाव फिरणं झेपत नव्हतं, म्हणून बाजार धरला होता. मला बघून तिनं पोत्याचा कोपरा झटकला आणि बसा म्हणाली. गावाकडचं बोलणं झालं. नवे डॉक्टर टिकत नाहीत, आबासाहेब अंथरुणाला खिळलेत, कौसाबाईला नातू झाला.

"परत आलती माणसं," ती म्हणाली. "नव्या समितीत बाई पाहिजे, म्हनत व्हती. म्हनली, म्हातारे, तूच ये परत."

"मग?"

"न्हाय म्हनलं. बस झालं आता. दुसऱ्या कुनीतरी बसावं की."

हे बोलताना तिच्या तोंडावर राग नव्हता, खंतही नव्हती. मी निरोप घेऊन उठले. रस्ता ओलांडल्यावर मागं वळून बघितलं, तर कुठल्या खेड्यातली एक तरुण बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन तिच्यापुढं उभी होती. सरकारी दवाखाना कुठं आहे, विचारत असावी. मला वाटलं, मैमूनबी आता गाठोडं शेजारणीजवळ ठेवील आणि उठेल.

ती उठली नाही. तिनं बसल्या जागेवरून हात वर केला आणि रस्ता दाखवला. बाई गर्दीत शिरली. मैमूनबीचा हात तसाच वर होता. बाईनं एकदा वळून बघितलं, हात बघितला, पुढं गेली. कोपऱ्यावर ती बरोबर वळणाला लागेपर्यंत तो हात उन्हात वरच राहिला. मग मैमूनबीनं तो खाली घेतला, दुसऱ्या हातानं खांदा दाबला, आणि डोळे मिटून घेतले.